उलप्यांच्या घरात बेकार कोण?

कसबा बावड्यातल्या त्या गल्लीत पहिल्याच आठवड्यात तिघींनी दीक्षा कुरणेला विजेच्या नव्या मीटरवाली समजून दार लावून घेतलं. एकीनं कर्जवसुलीची समजून "मालक गावाला गेल्यात" म्हणून सांगितलं आणि त्याच क्षणी मालकांनी आतून खणखणीत शिंक दिली. एका म्हातारीनं मात्र प्रेमानं आत नेलं, पाणी दिलं, गुळाचा खडा दिला आणि बी.पी. बघायला दंड पुढं केला.

दीक्षा यातली कुणीच नव्हती. एका एजन्सीनं रोजगाराच्या पाहणीसाठी मेअखेरपर्यंतच्या करारावर घेतलेली ती प्रगणक होती. गळ्यात ओळखपत्र, पाठीवर सॅक, सॅकेत टॅबलेट. वय एकतीस. अर्थशास्त्रात एम.ए. केलेलं, नेट दोनदा थोडक्यात हुकलेली, आणि चार वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून झालेलं. तासिका तत्त्व म्हणजे तास घेतला तर पैसे, कॉलेजला सुट्टी लागली की तुम्हालाही लागली. वर्गात ती बेकारीचे प्रकार शिकवायची, हंगामी, छुपी वगैरे, आणि दर एप्रिलअखेर स्वतः पहिल्या प्रकारात जमा व्हायची.

रोज सकाळी ती हातकणंगल्याहून स्कूटीवर यायची. आई तानूबाई शिवणकाम करायच्या. वडील कृष्णात पोस्टमन म्हणून रिटायर झालेले. नोकरी लागली त्या दिवशी त्यांनी लेकीला एवढंच सांगितलं होतं, "दार वाजवलं की दोन पावलं मागं सरायचं. कुत्रं असू दे न्हायतर माणूस, अंदाज घ्यायला जागा लागती."

पाहणीचा नियम साधा होता. गेल्या सात दिवसांतल्या एखाद्या दिवशी माणसानं एक तास जरी काम केलं तरी तो कामात. तेवढंही केलं नाही पण शोधतोय, मिळालं तर करायला तयार आहे, तर तो बेकार. शहरात एकाच घरी लागोपाठ चार महिने जायचं आणि दर वेळी तेच विचारायचं.

नियम साधा होता, पण बावडा साधा नव्हता. सकाळी दहापासून कट्ट्यावर बसलेल्या पोरांना "काय करता?" म्हणून विचारलं तर एक म्हणाला, "जागेची कामं करतो." दुसरा म्हणाला, "परीक्षेचं चाललंय." तिसऱ्यानं नुसतं "समाजकार्य" एवढंच सांगितलं. चौथ्यानं तिघांकडं बोट केलं आणि म्हणाला, "मी ह्यांच्यासंगं असतोय." काम नाही असं म्हणणारा एक जण सापडेल तर शपथ.

चार आठवडे संपले आणि पुण्याहून फोन आला. फोनवर तिचा सुपरवायझर, सम्राट. तिच्यापेक्षा पाच वर्षांनी लहान, पण त्याला 'सर' म्हणावं लागायचं.

"मॅडम, तुमच्या ब्लॉकमध्ये बेकारी शून्य टक्के दिसतेय."

"हो सर."

"असं असतं का कुठं? वर विचारतात मला. तुम्ही फॉर्म घरी बसून भरता काय?"

दीक्षाचे कान तापले. तिनं आयुष्यात कधी कॉपी केली नव्हती. नेटच्या परीक्षेत शेजारच्यानं आपणहून पेपर सरकवला तेव्हासुद्धा तिनं मान फिरवली होती, त्याचं तिला अजून थोडं दुःख होतं. "सर, लोक सांगत नाहीत," ती म्हणाली.

"मग नीट विचारा. एक तरी असणारच की."

अशा रीतीनं, खरी बेकारी सोळा आणे समोर दिसत असताना एक तरी बेकार मिळावा म्हणून दीक्षा फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सयाजी उलप्यांच्या दारात उभी राहिली. दार वाजवायला हात वर केला आणि सवयीनं दोन पावलं मागं सरली.

सयाजी उलपे दारातच प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते, त्यामुळं दार वाजवायची गरज नव्हती. साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरी करून रिटायर झालेले. मिशा झुबकेदार, आवाज असा की समोरच्या माणसाशी बोलले तरी पुढच्या गल्लीला कळावं.

"कुठनं आलासा?"

दीक्षानं ओळखपत्र दाखवलं, पाहणी समजावून सांगितली. सयाजीरावांनी खुर्ची मागवली, चहा मागवला आणि मांडी ठोकून म्हणाले, "लिवा. पृथ्वीराज सयाजी उलपे. वय सत्तावीस. बी.ई. मेकॅनिकल. म्यानेजर."

"कुठल्या कंपनीत?"

"शिरोलीला."

"कंपनीचं नाव?"

"मोठी कंपनी हाय."

टॅबलेटला मोठी कंपनी चालत नव्हती. किती कामगार, काय बनवते, लेखी करार आहे का, पगारी रजा मिळते का, एकेका उत्तराच्या पोटातून चार-चार प्रश्न बाहेर येऊ लागले. सयाजीरावांनी वजनकाट्यावर चाळीस वर्षं काढलेली. आकडा विचारला की ते गप्प बसू शकत नसत. त्यांनी दोन हजार कामगार सांगितले. रजा अडीचशे सांगितल्या. मग म्यानेजरला इतक्या रजा शोभत नाहीत असं वाटून "पर त्यो घेतच न्हाय" अशी पुस्ती जोडली.

"रोज किती तास काम?"

"चौदा. रविवार धरून."

तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं. अंगात बनियन, खाली हाफपँट, केस उभे, असा एक तरुण बाहेर आला. "आई, टॉवेल कुठाय?" म्हणून त्यानं विचारलं, दीक्षाकडं बघितलं आणि परत आत गेला. भिंतीवरच्या घड्याळात सव्वादहा झाले होते.

"नाईट शिफ्ट," सयाजीराव म्हणाले.

खरी गोष्ट अशी होती की पृथ्वीराज शिरोलीच्या एका फाउंड्रीत ट्रेनी होता. मोठी ऑर्डर गेली, एक लाइन बंद झाली आणि शेवटी लागलेले सगळ्यात आधी घरी आले. त्याला आता सहा महिने झाले होते. ह्या सहा महिन्यांत वडिलांनी त्याला गल्लीत दोनदा बढती दिली होती. नोकरी टिकली असती तर एवढा वर गेला नसता.

दीक्षाला तेव्हा हे माहीत नव्हतं. ती आतल्या बाजूला वळली. "आणि काकू, तुम्ही?"

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर विठाबाई उभ्या होत्या. हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. "माझं काय लिवायचं? मी काय करत न्हाय. घरीच असती."

त्यांच्या पाठीमागं ओट्यावर स्टीलच्या डब्यांची चळत होती. दीक्षानं बसल्या जागेवरून मोजले. बावीस.

"हे डबे?"

"ते व्हय? कॉलेजातली पोरं हायत की खोल्या घेऊन राहिलेली. त्यांस्नी देती. सकाळ-संध्याकाळ."

"आणि गोठ्यात म्हशी कुणाच्या?"

"आमच्याच. दोनच हायत."

"धारा कोण काढतं?"

विठाबाईंनी असलं कोण विचारतं का अशा नजरेनं बघितलं. "म्हशी काय आपल्या आपण दूध देत्यात?"

सयाजीरावांनी मध्येच हात उडवला. "त्ये काम न्हाय म्याडम. त्ये हिच्या हाताला वळण पडलंय."

दीक्षानं लिहून घेतलं. पहाटे साडेचारपासून रात्री नऊपर्यंत. टॅबलेटनं चौकोन लाल केला आणि विचारलं, एवढे तास बरोबर आहेत का? दीक्षानं 'होय' दाबलं.

गल्लीच्या टोकाला तिनं स्कूटी चालू केली, तोच मागून हॉर्न वाजला. मघाचा पृथ्वीराज. आता शर्ट-पँट घातलेला, केस पाणी लावून बसवलेले. गाडीच्या दोन्ही बाजूंना पिशव्या, पिशव्यांत डबे.

"म्याडम, बाबांचं मनावर घेऊ नका. खरं लिवा. मला नोकरी न्हाय. मी बेकार हाय."

दीक्षाला वाटलं, ह्याच्या पाया पडावं. पाच आठवड्यांत आपल्या तोंडानं हा शब्द उच्चारणारा हा पहिला माणूस. "थँक्यू!" ती इतक्या जोरात म्हणाली की तो दचकला. तिनं सीटवर टॅबलेट ठेवून घाईघाईनं फॉर्म दुरुस्त करायला घेतला. "गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम केलंय?"

"न्हाय."

"काहीच नाही?"

"काय बी न्हाय. सकाळी बाजारातनं भाजी आणतो, अकराला डबे पोचवतो, सातला परत पोचवतो, मधी रिकामे डबे गोळा करतो. तेवढंच."

दीक्षाचं बोट हवेतच थांबलं. "ह्याचे पैसे मिळतात?"

"आईकडं कोण पैसे मागतंय?"

तिनं पर्याय दाबला. टॅबलेटनं क्षणभर विचार केला आणि उत्तर दिलं. दीक्षा खालच्या आवाजात म्हणाली, "घरच्या व्यवसायात विनामोबदला मदतनीस. म्हणजे... तुम्ही कामात धरले जाता."

पृथ्वीराजनं मान पुढं काढून टॅबलेटमध्ये बघितलं. "म्हंजे मी बेकारसुद्धा न्हाय?"

"नियमानं नाही."

"आयला," तो म्हणाला. "बाबांस्नी सांगू नका. त्यास्नी वाटंल, म्यानेजरच हाय मी." आणि डबे थंड होतील म्हणून निघून गेला.

मार्चमध्ये दीक्षा दुसऱ्यांदा गेली तेव्हा सयाजीराव खुर्चीत नव्हते. ते फाटकाबाहेर उभे होते, इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर फेटा. दारात गडहिंग्लजकडच्या धुळीनं माखलेली एक जीप. तिला बघताच त्यांनी दोन्ही हात पसरले, गुरांना आडवतात तसे.

"आज न्हाय. आज न्हाय. पुढल्या म्हैन्यात या."

"दर महिन्याला यावंच लागतं. मी दुपारनंतर येते."

"या की. अंधार पडल्यावर या."

आतून एक जाड, ठसठशीत आवाज आला. "कोण आलंय हो? उन्हात का उभं केलंयसा बाईमाणसाला? आत घ्या की."

आवाज आक्कांचा होता. पृथ्वीराजला स्थळ आलं होतं, मुलगी संयोगिता, गडहिंग्लजजवळची, औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. घर बघायला तिचे वडील केरबा आणि केरबांची थोरली बहीण आक्का आले होते. आक्कांनी आयुष्यात सतरा लग्नं जमवली होती आणि त्याहून जास्त मोडली होती. केरबांचं खताचं दुकान होतं आणि बहिणीपुढं बोलायची त्यांना सवय नव्हती.

दीक्षाला आत जावं लागलं. आक्कांनी तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "कशाला आलीस बाळ?"

"पाहणीला."

आक्कांनी भावाकडं बघितलं. "अय्यय्यो! केरबा, ऐकलास? ह्यांच्याकडनं बी पाहणीला आल्यात." आणि दीक्षाकडं वळून, "एकलीच आलीस? घरचं थोरलं कोण न्हाय संगं? आणि स्वताच पोरगा बघायला आलीस? धाडसाची हाईस गं."

केरबांच्या हातातली पोह्यांची बशी खाली आली. पोराला एवढी मागणी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. सयाजीरावांच्या मनात क्षणभर, असंच चालू द्यावं, असाही विचार येऊन गेला असावा, कारण ते मिशीतल्या मिशीत हसले. पण दीक्षा लालबुंद होऊन उभी राहिली. "नाही नाही, तसली पाहणी नव्हे! रोजगाराची. कोण काय काम करतं, ते लिहून घ्यायची."

"मग तर उत्तमच की!" आक्का सावरून बसल्या. "आमास्नी बी त्येच इचारायचं हाय. इचार."

"पाहुण्यांसमोर नाही विचारता येत. माहिती गोपनीय असते."

हे बोलायला नको होतं, ते तिला बोलता बोलताच कळलं. आक्कांच्या भुवया वर गेल्या. "गोपनीय? पोरगा म्यानेजर हाय ह्यात गोपनीय काय असतंय?"

सगळ्या नजरा सयाजीरावांवर. उसाच्या गाडीचं वजन वाढवून मागणाऱ्या दांडग्यांना हा माणूस कधी घाबरला नव्हता, पण आक्कांपुढं त्याला घाम फुटला. "गोपनीय काय न्हाय! इचारा म्याडम. सगळ्यांपुढं इचारा. आमच्या घरात लपवाछपवी न्हाय."

दीक्षा अडकली. तिला खरं माहीत होतं, आणि ते तिच्या तोंडून फुटता कामा नये, एवढंही माहीत होतं. तिनं त्यातल्या त्यात सुरक्षित वाट धरली. पृथ्वीराजकडं पाठ केली आणि विठाबाईंकडं वळली. "काकू, आधी तुमचंच घेऊ. मागच्या महिन्यासारखंच चाललंय ना?"

विठाबाई पदरानं हात पुसत बसल्या. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं असं नाही, पण त्यांना त्यासाठी वेळ मिळत नसे. "डबे वाढल्यात. सव्वीस झाल्यात."

"सव्वीस?" आक्का म्हणाल्या. "कसले डबे?"

मग प्रश्न आक्काच विचारू लागल्या आणि दीक्षा लिहू लागली. भाकऱ्या किती, आमटी कशी, खरडा देता का, पोरं नाव ठेवतात का, म्हशी किती दूध देतात. विठाबाईंच्या जन्मात त्यांना इतक्या बारकाईनं कुणी विचारलं नव्हतं. त्या खुलल्या. "आणि एकटीनं कसं झेपतंय?" आक्कांनी विचारलं.

"एकटी कुठली? पृथ्वी हाय की. भाजी त्योच आणतोय. पोचवायला त्योच. परवा मला ताप होता तर उसळबी त्यानंच केली, पोरं म्हणाली काकू आज चव वेगळी हाय, बरी हाय."

सयाजीराव खोकले. मग आणखी मोठ्यानं खोकले.

केरबांनी पहिल्यांदाच तोंड उघडलं. "डबे अकराला पोचवतोय, सातला पोचवतोय. मग कंपनीत कवा जातोय?"

पृथ्वीराज दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. तो पुढं आला. "कंपनी न्हाय. सात म्हैने झाले, न्हाय. म्यानेजर तर कधीच नव्हतो. ट्रेनी होतो." मग बापाकडं न बघता म्हणाला, "अर्ज करतोय. आलं तर जाईन. तवर हे करतोय."

केरबा उठले. टोपी नीट केली, राम राम केला. आक्का उठल्या, पण जाताना ओट्यापाशी थांबल्या, एका डब्याचं झाकण उघडून वास घेतला आणि झाकण परत लावलं. जीप गेली.

मग सयाजीराव बोलले. काय बोलले ते पुढच्या तीन गल्ल्यांनी ऐकलं. सारांश एवढाच की, त्या डबड्यानं, म्हणजे टॅबलेटनं, त्यांचं घर धुळीला मिळवलं आणि परत ह्या दारात पाऊल ठेवू नये.

त्या दिवशी दीक्षा हातकणंगल्यापर्यंत सावकाश गेली. ट्रक मागून हॉर्न देत होते. घरी तिनं जेवण टाळलं तेव्हा तानूबाईंनी शिवणयंत्र थांबवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तू बोललीस का, पोरगं बेकार हाय म्हणून?"

"नाही."

"मग झालं तर. खरं बोलला त्यो पोरगा. त्याच्या बोलण्याचा दोष तू अंगावर घेऊ नगंस." आणि पुन्हा यंत्र सुरू केलं.

एप्रिलात तिसरी फेरी. घर टाळलं तर नकार म्हणून नोंद करावी लागणार आणि पुण्याहून फोन येणार. दीक्षा गेली. सयाजीराव खुर्चीत होते, तोंडासमोर पेपर.

"नमस्कार. घरात कोण आहे?"

"कोण न्हाय," पेपरामागून आवाज आला.

"तुम्ही?"

"मी बी न्हाय."

"मग तुम्ही नाही हे मी कुणाला विचारून लिहू?"

पेपर जरा खाली आला. मिशीचं एक टोक हललं, पण सयाजीरावांनी ते आवरलं. आतून विठाबाई ओरडल्या, "या या, आत या! त्यांचं काय मनावर घेताय? लेकाशी बोलत न्हाईत, पर लेकानं केलेली उसळ दोनदा मागून घेत्यात."

आत गेल्यावर विठाबाईंनी भाकरी थापता थापता सांगितलं ते असं. स्थळ मोडलं म्हणून सगळे गप्प बसले होते. आठव्या दिवशी संयोगिताचा पृथ्वीराजला फोन आला, तिनं स्वतःहून केलेला. आक्कांनी घरी जाऊन सगळं रंगवून सांगितलं होतं. संयोगिता म्हणाली, आतापर्यंत सात स्थळं आली, सातही म्यानेजर. चौकशी केली तर एक जण खरंच म्यानेजर निघाला, पण त्याचं आधीच लग्न झालेलं. नोकरी नाही असं पाहुण्यांपुढं सांगणारे तुम्ही पहिलेच. मग एका रविवारी ती एसटीनं आली, विठाबाईंच्या ओट्यापाशी बसून डब्यातलंच जेवली, आणि सांगून गेली की तिची नोकरी ती सोडणार नाही, कोल्हापुरात बघेल.

"आणि आक्का?"

"आक्कानंच पाठवलती तिला. म्हणाली म्हणं, म्यानेजर काय, कोण बी असतंय. सव्वीस डबे येळेवर जाणारं घर कुठं मिळतंय?"

बाहेर पडताना सयाजीरावांनी तिला थांबवलं. पेपर मांडीवर घडी करून ठेवला होता. आवाज पहिल्यांदाच फाटकाच्या आत राहील एवढा.

"म्याडम, मी चाळीस वर्षं कारखान्याच्या भोंग्याला घरातनं निघालो. ह्या गल्लीत लोक माझ्यावर घड्याळं लावायची. पोरगं घरात बसलंय म्हटल्यावर लोक पोराला न्हाय बघत, बापाला बघत्यात. म्हणून बोललो." मग पेपराची घडी सारखी करत म्हणाले, "दोन हजार कामगार जरा जास्तीच झाले."

"मी ते खोडलंय," दीक्षा म्हणाली.

"बरं केलासा."

मे उजाडला आणि कॉलेजच्या परीक्षा संपल्या. पोरं गावाला गेली, सव्वीस डब्यांचे सात झाले. विठाबाई रिकाम्या डब्यांच्या चळतीकडं बघत बसल्या. पृथ्वीराज दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत राहिला, तिसऱ्या दिवशी शिरोलीला त्याच फाउंड्रीच्या फाटकावर गेला. वॉचमननं त्याला ओळखलं. "आता भरती न्हाय रं." पृथ्वीराज म्हणाला, "भरतीला न्हाय आलो, जेवणाचं काय करतासा?" वॉचमननं खिशातला बिस्किटाचा पुडा दाखवला. पृथ्वीराजनं सात दिवस चव बघायला म्हणून डबे दिले. आठव्या दिवसापासून तिथले अडतीस जण ठरले. त्यात तो ज्यांच्या हाताखाली होता, ते सुपरवायझरही होते. ते म्हणाले, "तुला आत घ्यायचं बघतो," आणि मग घाईनं, "पर डबा बंद करू नगंस."

दीक्षा चौथ्या आणि शेवटच्या फेरीला गेली तेव्हा दारातली खुर्ची रिकामी होती. सयाजीराव ओट्याखाली पाटावर बसून लसूण सोलत होते. तिला बघून उठले नाहीत, पण लगेच म्हणाले, "माझं आधी लिवा. मी बी कामात हाय."

"किती वेळ करता?"

"लसणाला घड्याळ लावू व्हय?"

"दहा मिन्टं सोलत्यात," विठाबाई म्हणाल्या. "मग पेपर."

"दहा मिनिटांनी नाही बसत नियमात. एखाद्या दिवशी तरी तासभर पाहिजे."

सयाजीरावांचा चेहरा पडला. कधी नव्हे ते त्यांनी आठवायला डोळे मिटले. मग मांडीवर थाप मारली, लसणाची सालं उडाली. "शनिवारी! शनिवारी पृथ्वीच्या मागं बसून शिरोलीला गेलतो. डबे मांडीवर धरून. जाऊन-येऊन दोन तास."

"नुसतं धरून बसला होतासा," पृथ्वीराज म्हणाला.

"आमटी सांडली का? न्हाय. मग धरणं काम न्हाय व्हय?"

दीक्षानं नियम वाचला, पुन्हा वाचला आणि लिहिलं, सयाजी उलपे, कामात. घरातले तिघंही कामात. टॅबलेट मिटल्यावर तिला आठवलं की पुण्याहून फोन येणार. तो त्याच संध्याकाळी आला. ह्या वेळी तिनं आवाज खाली केला नाही.

"सर, मी एकेका घरी चारदा गेले. तुम्हाला बेकार माणूस पाहिजे तर मी तुम्हाला शोधून देऊ शकत नाही. तुम्ही या, मी दार दाखवते. दोन पावलं मागं सरून उभं राहायचं तेवढं लक्षात ठेवा."

आवाज सम्राटनंच खाली केला. मग म्हणाला, "मॅडम, माझाही करार एकतीसलाच संपतोय. तिकडं काही असलं तर सांगा."

सुपारी फुटली ती गडहिंग्लजला, मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी. उलप्यांनी दीक्षाला आग्रहानं नेलं. सयाजीराव मांडवात प्रत्येकाला सांगत होते, "पोराचा कॅटरिंगचा व्यवसाय हाय," आणि पृथ्वीराज प्रत्येकाला सांगत होता, "व्यवसाय आईचा हाय, मी पोचवतो." केरबा पंगतीत वाढत होते. संयोगिता कोल्हापुरात एका औषधाच्या दुकानात बोलणी करून आली होती.

आक्कांनी दीक्षाला आपल्या शेजारी जेवायला बसवलं, ताटात तिसरी पुरणपोळी टाकली आणि विचारलं, "आता तुझं काय? करार संपत आला म्हणतीस. तुझं बी बघाय पायजे."

"काय बघायचं, आक्का? नोकरी का नवरा?"

"आधी नोकरी," आक्का तुपाची वाटी ओतत म्हणाल्या. "नवरे काय, माझ्याकडं सतरा हायत लिवून ठेवलेले."

आक्कांच्या नात्यातल्या एकाची गडहिंग्लजच्याच एका कॉलेजात ओळख होती. अर्थशास्त्राचा तास रिकामा होता, तासिका तत्त्वावरच. दीक्षा जूनच्या तिसऱ्या आठवड्यात तिथं रुजू झाली. हातकणंगल्याहून रोज जाणं-येणं परवडेना, म्हणून गावात खोली घेतली, आणि पहिल्याच दिवशी घरमालकिणीनं विचारलं, "जेवणाचं काय करणार? मी काय करत न्हाय, घरीच असती, पंधरा पोरींचे डबे तेवढे करती."